क्रूसाखालची लोकर

दर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात उत्तर इंग्लंडमधल्या वूलर गावातल्या चॅपलची माणसं मोठा लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन होली आयलंड या बेटावर चालत जायची, आणि ऑलिव्ह हेडली गाडीने पुढे जाऊन त्यांच्यासाठी चहा उकळून ठेवायची. वाटेतल्या प्रत्येक गावात मंडळी थांबत, दोन गीतं म्हणत आणि शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या हॉस्पिससाठी मदतीचा डबा फिरवत.

तिचा नवरा क्लेम मेंढपाळ होता. येशूबद्दल चार शब्द बोल म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. पण क्रूसाच्या पुढच्या टोकाला खांदा द्यायला हा उंच गडी सगळ्यांच्या आधी हजर. "मला बोलता येत नाही, चालता येतं," एवढीच त्याची साक्ष.

गुड फ्रायडेला ओहोटी लागली, की सगळे बूट काढून बेटाकडच्या वाळूत उतरत. तेव्हा तो न चुकता गाडीपाशी यायचा.

"येतेस का गं? एवढी वाळू तरी माझ्याबरोबर चाल."

"आणि पलीकडे चहा कोण करणार? तुझी मेंढरं?"

तो हसायचा आणि परत जायचा.

गेल्या हिवाळ्यात क्लेम त्याच हॉस्पिसमध्ये वारला. तेव्हापासून ऑलिव्हने एकच ध्यास घेतला होता: यंदा वाळू चालायची, आणि क्रूसाला खांदा देऊनच चालायची. चहाची किटली तिने भाचीच्या गळ्यात मारली आणि निघाली.

टेकड्या आल्या, जुन्या लढायांची शेतं आली, पडक्या गढ्यांच्या आडोशाला नवी कोकरं ओरडत होती. हे सगळं तिने जन्मभर गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. आता टाचांना फोड आले होते, आणि ते दाखवून कुरकुर करायला क्लेम हवा होता. त्याची इतकी आठवण यायची, की ती मुद्दाम मागे रेंगाळायची.

खांदा मात्र मिळेना. एका उंचीची माणसं निवडायची, नाहीतर भार एकावरच पडतो, हा नियम. आणि ऑलिव्ह तर सगळ्यांच्या काखेपर्यंतच.

"तू खाली उभी राहा गं," रॅल्फ खाटीक म्हणाला. "आम्ही क्रूस नेतो, तू सावलीत चाल."

"तुझ्या पोटाची सावली पुरेशी आहे," ती फणकारली. पण डोळे भरून आले होते.

पुढच्या माणसाच्या पाठीमागची जागा बहुतेक रिकामीच असे. तिथे क्रूसाच्या तुळईच्या खालून क्लेम दर वर्षी लोकरीची जाडजूड गुंडाळी बांधायचा. उंच माणूस तिथे आला की त्याला वाकूनच चालावं लागे. लोक वैतागत, चेष्टा करत. "असू दे," एवढंच क्लेम म्हणायचा, पण ती कोणाला सोडू द्यायचा नाही. त्याची शेवटची गुंडाळी अजून तशीच होती. ती सोडायला यंदा कोणाचा हात धजला नव्हता.

शुक्रवारी वाळूपाशी ऑलिव्हने बूट काढले. पाणी बर्फासारखं होतं.

"नाही पोचणार गं तुझा खांदा," ग्वेन हळूच म्हणाली. यात्रेची सूत्रं तिच्याकडे होती.

"नुसता हात लावून चालेन. मग तर झालं?"

रॅल्फने पुढचं टोक उचललं, मागे दोघांनी खांदा दिला. ऑलिव्ह त्या रिकाम्या जागेत शिरली आणि हात वर करणार, तोच लोकर तिच्या खांद्यावर येऊन टेकली. वाकावं लागलं नाही, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.

"अगंबाई," ग्वेन म्हणाली, "बसला की बरोबर!"

क्लेमने ती लोकर तिच्याच मापाने बांधली होती. दर वर्षी आधी जागा तयार करायची, मग गाडीपाशी येऊन विचारायचं, आणि नाही म्हटलं की ती रिकामी जागा पाठीशी घेऊन वाळू चालायची. आणि कधी एका शब्दाने सांगितलं नाही मेल्याने! ऑलिव्हने लोकरीला गाल लावला आणि ती मोठ्याने रडली.

रॅल्फ मागे न बघता थांबून राहिला. मग म्हणाला, "निघायचं का, ऑलिव्ह?"

"चल बाबा," ती म्हणाली. "फार वाट पाहायला लावली मी त्याला."