उत्तरेश्वरांचा ब्रिज

उत्तरेश्वर भालेकर महापालिकेच्या पुलांच्या खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, सत्यशीलाबाईंनी, समारंभात त्यांचं इतकं कौतुक केलं की खात्यातले साहेबही चकित झाले. उत्तरेश्वर मात्र ‘आभारी आहे’ एवढंच बोलून बटाटेवड्याकडे वळले. चार वर्षं झाली, पण ते त्यांना लागून राहिलं होतं. आता सत्यशीलाबाई स्वारगेट डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त होणार होत्या. या वेळी तोंड उघडणं भाग होतं.

त्यांनी भाषण लिहिलं. मुलगी तनया वाचून म्हणाली, हे टेंडरसारखं वाटतंय. आता माणसाला चाळीस वर्षं टेंडरंच वाचायला लावल्यावर दुसरं काय येणार? पण गळा बरा होता, म्हणून उत्तरेश्वरांनी गाणं करायचं ठरवलं. चालही स्वतःच बांधली. ‘पुढे सरका हो, पुढे सरका’ हा मुखडा, आणि पहाटेची ड्युटी, दारात लोंबकळणारी पोरं, खिडकीसाठी भांडणाऱ्या आजीबाई असे दोन अंतरे.

गिटार वाजवायला तनयाच्या ऑफिसातला आयुष आला. ऐकून म्हणाला, “काका, मस्त आहे, पण ब्रिज मिसिंग आहे.”

ब्रिज म्हटल्यावर उत्तरेश्वर खुलले. हा त्यांचा विषय. दोन दिवसांत त्यांनी येरवड्याच्या पुलावर आठ ओळी लिहिल्या, खांब आणि कठड्याच्या दुरुस्तीसकट. वर तनयाला विचारलं की बांधकामाचं वर्ष टाकू का. आयुषने हसू गिळत समजावलं. मुखडा फिरून फिरून येतो, अंतरा त्याच चालीवर नवी हकीकत सांगतो. ब्रिज एकदाच येतो. तिथे चाल बदलते, आधी न बोललेलं बोललं जातं आणि तिथून गाणं परत मुखड्यावर येतं.

“म्हणजे पूल कसला, डायव्हर्जन म्हणा की,” उत्तरेश्वर म्हणाले. पण आठ ओळी फाडून टाकल्या. न बोललेलं काय, हे शोधण्यात त्यांचा आठवडा गेला. चहा निवला, दाढी अर्धी राहिली. बाईंना वाटलं यांना बीपीचा त्रास सुरू झाला.

डेपोत कार्यक्रम रंगला. मुखडा येताच ड्रायव्हर मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला, अंतऱ्यांना हशा पिकला. सत्यशीलाबाई पदराने तोंड दाबून हसत होत्या. मग चाल बदलली, सूर खाली उतरला.

रोज सांजेला येशी घरी,
रोज विचारलं, भाजी काय
कधी न आलं माझ्या ओठी,
दमलीस का गं, दुखती पाय?

पुढे मुखड्यावर यायचं होतं. आयुष सूर धरून थांबला, पुन्हा तेच वाजवलं, पुन्हा थांबला. उत्तरेश्वर बायकोकडेच बघत राहिले. ठेका धरलेले हात तसेच राहिले. पुणेकर असूनही कुणी टोमणा मारला नाही.

“दमले हो,” सत्यशीलाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. “खूप दमले.”

उत्तरेश्वरांनी माइक आयुषच्या हातात दिला, शेजारची खुर्ची ओढली आणि बायकोजवळ जाऊन बसले.