वाट्याचा गूळ

रायपूरच्या कडेच्या भनपुरीत सकाळी अंगण दोनदा झाडतात. उठल्या उठल्या एकदा, आणि ऊन वर आलं की पुन्हा. रात्रभरात काळी, मऊ पूड सगळीकडे बसलेली असते: ओट्यावर, दाराच्या कडीवर, गच्चीत विसरलेल्या चादरीवर. पाण्याच्या हंड्यावर ओलं फडकं, कपडे घरातल्याच दोरीवर, लहान मुलं अनवाणी बाहेर आली की पाठीत धपाटा. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, चौकाचौकात नवे दिवे लागले आणि पलीकडे सिलतऱ्याला धुराडी वाढत गेली. पूड कुठून येते हे सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात चिखल असतो तशी ती होती, त्यावर कोणी भांडत नसे.

अशाच एका अंगणात भावना रामटेके वाढली. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत आले. वडिलांना, हरिदासला, रेल्वे मिळाली नाही. पोलिसाच्या भरतीत तो धावण्यात पहिला आला होता, पण छाती मोजताना फुगवूनही ती पुरेशी भरली नाही. पट्टी धरणाऱ्या शिपायाने हसून म्हटलं होतं, ‘घर जा, दूध पी.’ हे तो घरात कितीदा तरी सांगायचा, आणि दर वेळी हसत सांगायचा. शेवटी सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तो कंट्रोल रूममध्ये लागला.

पोरगी बाराची झाली, पाय लांब झाले, शाळेच्या शर्यतीत तिने मोठ्या मुलींना मागे टाकलं, तेव्हा हरिदासने जाहीर केलं, “माह्या पोट्टीची छाती कमी पडू देत नाही मी.”

त्याने ते मनावर घेतलं. रात्री चणे भिजत पडायचे. दूध तिच्या पेल्यात साईसकट. भाकरीबरोबर चेचची पालेभाजी, पोहे, शनिवारी अंडं. आई, सरला, कुरकुरायची, “घोडी पाळली का तुम्ही?”

“घोडीच आहे. जिंकणारी.”

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, सकाळची दौड. हरिदासला बहुतेक रात्रपाळीच असायची. सरलाला ते नशीब वाटायचं, वाईट नशीब. सहाला पाळी सुटली की तो सायकलवर निघायचा, घराजवळच्या वळणावर भावना उभी असायची, आणि तिथून रस्त्याच्या कडेने ती पळायची, मागे हा. हँडलला पिवळं हेल्मेट टांगलेलं, नाका-तोंडावर गमछा घट्ट बांधलेला, फक्त डोळे उघडे.

“काहून मंद झाली? मागून ट्रक येऊन राहिला समज!”

“बाबा, तुम्ही उतरून पळा ना मग!”

“मी पळलो तर तू रडशील.”

भावना शाळेत, पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, आईशीसुद्धा अर्धीअधिक हिंदीच बोलायची. पाऱ्यातल्या सगळ्या मुलांचं तसंच होतं. पण बापाशी मराठी. त्याने कधी सक्ती केली नव्हती. सायकलच्या चाकाचा खरखर आवाज आणि गमछ्यामागून येणारी ती वऱ्हाडी हाक यांना हिंदीत उत्तर द्यावं असं तिला कधी वाटलंच नाही.

एकदा थंडीत तिनेही ओढणी तोंडाला गुंडाळली. त्याने लगेच सोडायला लावली. “पळताना तोंड बांधायचं नसते. दम कोंडते. हवा आत जाऊ दे. सकाळची हवा म्हणजे दवाई.”

दौड संपली की नाल्यावरच्या कठड्यावर दोघं बसायची. हरिदास खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढायचा. आत गुळाचा खडा, थोडा वितळलेला, कागदाची शाई लागलेला. तो सगळा तिचा.

“तुम्ही घ्या ना थोडा.”

“मले काय पळायचं आहे? खा. ताकद येते.”

तो गूळ खाताना तिला आपण निवडले गेलो आहोत असं वाटायचं. काहीच न जिंकताही.

नवं राज्य झाल्याचा एक फायदा भनपुरीपर्यंत पोचला होता. आधी शालेय संघाच्या निवडीला भोपाळकडे बघावं लागायचं. आता छत्तीसगडचा स्वतःचा संघ, आणि निवड रायपुरातच. शाळेच्या खेळाच्या शिक्षिका सुशीला दीदी यांनी दहावीच्या वर्षी भावनाचं नाव पंधराशे मीटरला दिलं. नोव्हेंबरात निवड. पहिल्या तिघी संघात.

“पंद्रह सौ में तुझसे तेज इस शहर में दो ही लड़कियां होंगी,” दीदी म्हणाल्या. “बाकी तेरे ऊपर है.”

त्या उन्हाळ्यापासून भावना मंद होत गेली.

आधी तिला वाटलं, अंग वाढतंय म्हणून. त्या वर्षी ती एकदम उंच झाली होती, कंबर रुंदावली होती, पाळीच्या दिवसांत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. आई म्हणाली, बायकांचं असंच असतं. मग खोकला लागला, कोरडा, पहाटेचा. पळताना छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं आणि श्वासात बारीक शिट्टी वाजायची. ती स्वतःवरच चिडायची. आळशी झालीस, स्वतःला म्हणायची. हरिदासने दौड आणखी लांबवली. चणे वाढले. गुळाचा खडाही मोठा झाला.

ऑगस्टात शाळेच्या मैदानावर ती मधेच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि तिचे ओठ निळसर झालेले सुशीला दीदींनी पाहिले. त्यांनी तिला त्याच दुपारी समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. तिने जीव खाऊन फुंकलं. बाईंनी नळीवरचा काटा पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं, आणि मग विचारलं, “दौड़ती कहां हो?”

“सिलतरा रोड पर.”

“कब?”

“सुबह. सवा छह-साढ़े छह.”

बाईंनी ते कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या की फुप्फुसांच्या नळ्या सुजल्या आहेत, धुळीने, धुराने. औषधाचा पंप दिला, कसा ओढायचा ते दाखवलं. “दौड़ना मत छोड़ना. जगह बदलो, समय बदलो. शाम को दौड़ो, शहर के किसी मैदान में. तुम्हारी उम्र में फेफड़े अभी बन रहे हैं, बेटा. जैसी हवा दोगी, वैसे बनेंगे.”

घरी येऊन तिने सगळं बापाला सांगितलं. तो अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होता. त्याने मान वर केली नाही.

“समता कॉलोनीच्या लोकांले भनपुरी घाणच दिसते,” तो म्हणाला. “पंप घेऊन कोणी पळते का? बुड्ढ्यांची चीज आहे ते. सकाळची हवा ते सकाळची हवा.”

“पण त्या म्हणाल्या, शाम को...”

“त्या पळाल्या का कधी? मी पळलो आहे.” मग आवाज उतरवून, “माह्यावर भरोसा आहे का त्या बाईवर?”

भावनाने पंप कपाटात ठेवला, शाळेच्या जुन्या पुस्तकांमागे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वळणावर उभी होती. डॉक्टर तिला एकदा भेटली होती. बाबा रोज भेटत होता.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला सिलतऱ्याचे कारखाने सजतात. यंत्रांना हार, फाटकाला केळीचे खांब, आणि त्या एका दिवशी कामगारांच्या बायका-मुलांना आत सोडतात. रामटेके घरात पूजा होत नसे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. पण हरिदास दर वर्षी जायचा. “पूजा त्यांची, बुंदी आपली,” म्हणायचा. सरला येत नसे. त्या वर्षी भावनाने हट्ट धरला. बापाची खुर्ची तिने कधी पाहिली नव्हती.

कंट्रोल रूम थंड होती, काचेची. लांबलचक फळीवर दिवे, काटे, बटणं, आणि मध्ये गोंड्याच्या फुलांची माळ. आधीच्या पाळीचा भैय्यालाल तिथे होता, हरिदासचा जुना सोबती. कपाळाला गंध, तोंडात बुंदी, अंगात सण.

“आव नोनी, आव! ये हरे तोर बाबू के कुर्सी.” मुलगी आली म्हणून त्याला काय दाखवू नि काय नको झालं होतं. एकेका बटणावर बोट ठेवत तो भट्टी, पंखा, पट्टा सांगत गेला. मग एका लाल झाकणाच्या बटणाशी आला. “अउ ये हे असली. ईएसपी. चिमनी के पहिली सब राखड़ ला इही धरथे. दिन में चालू. रात के...” त्याने डोळा मिचकावला, “बंद. बिजली बचथे. बिहनिया सात बजे, साहब मन के आए के पहिली, फिर चालू.”

म्हणजे धुरातली राख पकडणारं यंत्र रात्रभर, सकाळी सातपर्यंत बंद. “रोज?” भावनाने विचारलं.

“हव, रोज. सबके बस के बात नइ हे. फोन आ गे, जांच वाले आवत हे, त झट ले चालू करे बर परथे. तोर बाबू के हाथ पक्का हे. तेखरे सेती तो साहब मन ओला रात पाली में रखथें!”

म्हणजे रात्रपाळी नशिबाने नव्हती, या बटणासाठी होती. हरिदास काचेबाहेर बघत होता. “चाल,” तो म्हणाला, “नाश्ता संपून जाईन.”

बाहेर मांडवात बुंदी आणि शेव वाटत होते. एका टेबलावर पोत्यातून गुळाचे खडे काढून कागदात बांधणं चाललं होतं. एक पुडी हरिदासच्याही हातात आली. भावनाने ती लगेच ओळखली. तोच कागद, तीच घडी.

“ये काहे के लिए?” तिने वाटणाऱ्याला विचारलं.

“धूल का गुड़ है, बेटी. हर वर्कर को रोज मिलता है. खाने से गले की, छाती की राख नीचे उतर जाती है.”

परतताना ती सायकलच्या मागे बसली नाही, चालत राहिली. हरिदासही उतरला आणि सायकल ढकलत तिच्या बाजूने चालू लागला. भर दुपार होती. आभाळ स्वच्छ निळं होतं. धुराड्यांतून जेमतेम पांढरी रेघ निघत होती, इतकी निर्दोष की लहान मुलाने चित्रात काढावी.

“तुम्ही गमछा थंडीसाठी नव्हते बांधत,” ती म्हणाली.

त्याने सायकल खड्ड्यातून वळवून काढली.

“मले मात्र बांधू दिलं नाही.”

“पळताना खरंच दम कोंडते, भावू. ते खोटं नव्हतं.”

“डॉक्टर खोटं बोलत होत्या?”

सायकलचं चाक खडखडत राहिलं. तो म्हणाला, “मी नाही म्हटलं तर दुसऱ्याले बसवतील. बटण तर बंदच होणार.”

“बटणाचं नाही विचारलं मी. मले संध्याकाळी पळ म्हणता येत नव्हतं?”

“म्हटलं असतं तर तू विचारलं असतं, काहून.” त्याने सायकल थांबवली. “काय सांगतलं असतं मी तुले? घरात एक तरी जागा पाहिजे ना माणसाले, जिथं तो चांगला आहे. मले वाटलं, दूध आहे, चणे आहेत, गूळ आहे... निघून जाईन सगळं. माह्या वाट्याचा गूळ मी कधी खाल्ला नाही, भावू. एक दिवस नाही. सगळा तुले दिला.”

हे खरं होतं, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ते सोसवत नव्हतं. कठड्यावरच्या सगळ्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या आणि प्रत्येक सकाळी तो तिच्याकडे बघत होता: ती खोकते का, शिट्टी वाजते का. ते लाड वाटले होते तिला. तो हिशेब जुळतो का ते बघत होता.

घरी सरलाने ऐकलं आणि झाडू हातात तसाच धरून ती ओट्यावर बसली. “पूड कुठून येते ते तर सगळ्या पाऱ्यालेच माहीत होतं,” ती एवढंच म्हणाली. अंगणाकडे बघत राहिली, रोज दोनदा झाडलेल्या.

भावनाने कपाटातून पंप काढला. सुशीला दीदींनी आपल्या घराजवळच्या मैदानावर संध्याकाळी बोलावलं, आणि ती शाळेतून परस्पर तिकडे जाऊ लागली. श्वास मोकळा होत होता, पण हळू. फुप्फुसं चणे भिजावेत तशी रात्रीत फुगत नाहीत. सकाळी वळणावर हरिदास काही दिवस सायकल घेऊन थांबायचा. ती दारातून दिसायची, केस विंचरताना. मग तो एकटाच घरी यायचा. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं नव्हतं. काही विचारलं तर ती उत्तर द्यायची, हिंदीत.

निवडीच्या दिवशी मैदानाला पांढऱ्या रेघा होत्या. भावना चांगली निघाली. पहिल्या फेरीला तिसरी, दुसरीलाही तिसरी. सुशीला दीदी कडेने ओरडत पळत होत्या, “खींच, भावना, खींच!” शेवटच्या फेरीच्या वळणावर ती शिट्टी पुन्हा आली, बारीक, आतून. पाय तयार होते. पायांना काही झालं नव्हतं. हवाच पुरली नाही. दोघी तिच्या बाजूने पुढे गेल्या, आणि ती पाचवी आली.

ती गवतावर बसली, पंप ओढला, डोळे मिटले. दीदी पाठीवर हात ठेवून होत्या. “अगले साल,” त्या म्हणाल्या. “सुना? अगले साल, पक्का.” भावनाने मान हलवली.

डोळे उघडले तेव्हा कुंपणापाशी हरिदास उभा दिसला. तो येणार हे त्याने सांगितलं नव्हतं. रात्रपाळीवरून झोप न काढता आलेला, डोळे लाल, गमछा खांद्यावर. आज तोंड बांधलेलं नव्हतं. एवढ्या लोकांत त्याचा चेहरा उघडा बघायची तिला सवय नव्हती. तो लहान दिसत होता.

ती जवळ गेली. त्याने खिशातून पुडी काढली आणि कुंपणाच्या जाळीतून हात पुढे केला.

“घे,” तो म्हणाला. “दमली असशील.”

तिने पुडी घेतली. उलगडली. खडा तसाच होता, कडेने वितळलेला, कागदाची शाई लागलेला. तिने खड्याचा वास घेतला, तो पुन्हा नीट बांधला, त्याच घडीवर घडी घालून, आणि जाळीतून त्याच्या तळहातावर ठेवला.

“आप खा लो, बाबा,” ती म्हणाली. “आज भी रात ड्यूटी है ना.”