तळहातावरची शाईची खूण

डॉ. मधुकरनानांचा आणि माझा परिचय झाला तो माझ्या भाजलेल्या बोटांमुळे. नशिराबादला माझे मोटार वाइंडिंगचे, म्हणजे विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान आहे. हे काम मला कोणी शिकवले नाही. जळालेल्या मोटारी उकलून मीच शिकलो. काही वर्षांपूर्वी पत्र्याने उजवे मनगट कापले. लोक रक्तवाहिनीलाही नस म्हणतात. माझी कापली ती चेतातंतूंची जुडी. जळगावला ती शिवली. टाके निघाले त्याच दिवशी मी तारा जोडायचे तापलेले सोल्डर बोटांना टेकवून पाहिले. जोड बसला तर प्रवाह यायलाच हवा, हा आमच्या धंद्याचा हिशेब. फोड आले, कळले काहीच नाही.

धुळ्याला, देवपुरातल्या दवाखान्यात नानांनी ती बोटे पाहिली.

"भाऊ, हाई तार नही शे! जोडाच्या पुढचे तंतू मरून जातात. मागचं टोक नव्यानं वाढतं, चाचपडत. वाटेतल्या पेशींच्या अंगावर चिकटून धरणारी प्रथिनं असतात, त्यांना धरधरून ते पुढं सरकतं. आणि तुम्ही त्याला चटके देऊन राहिले!"

दर भेटीत नाना मनगटापासून बोटाने टकटक करीत येत. "आठे मुंग्या येतस का?" 'आठे' म्हणजे इथे. जिथे मुंग्या येत, तिथे पेनाने टिंब. वाढते टोक तिथवर पोहोचले, असा त्याचा अर्थ. "टिंबाच्या पुढे, जरा अंगठ्याकडे," मी नेमके सांगे. टिंब तळहात ओलांडून बोटात उतरले. बोटाच्या शेंड्याला तांब्याची बारीक तार जाणवली, तेव्हा मी ओरडलोच.

दवाखान्यामागेच नानांचे घर. आतून त्यांच्या कन्या कुंदाताई मला म्हणाल्या, "दादा, थोड्या मुंग्या इकडं पाठवा की!" स्कूटरच्या अपघातात त्यांचा कणा मोडला होता. कमरेखाली स्पर्श नव्हता.

नाना हसले नाहीत. मी हळूच विचारले, "तिथे ती प्रथिनं नसतात का?"

"मज्जारज्जूत धरायला मिळतं त्यापेक्षा अडवणारं जास्त. मला सगळं माहीत आहे, भाऊ. नुसतं माहीत आहे."

आज नाना साठ वर्षांचे झाले. परवा सकाळी या साठीच्या समारंभाचे निमंत्रण घ्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. कुंदाताई पालथ्या निजल्या होत्या. जुन्या व्रणापासून नानांचे बोट टकटकत खाली येत होते.

"आठे?"

"नाही, नाना."

"बरं."

कण्याला ही परीक्षा लागू पडत नाही, हे मला नानांनीच सांगितले होते. पेन त्यांच्या खिशातच होते.

नानांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. त्यांचा हात थरथरू नये. कुंदाताई ज्या दिवशी "हो" म्हणतील, त्या दिवशी टिंब काढायला तोच हात तिथे असावा.