तानूबाईचा अंगठा

उद्यमनगरात पितळी तोट्यांना गिलीट करायच्या कारखान्यात आमी दोघी पंधरा वर्षं होतो, मी धोंडुबाई आन तानूबाई कांबळे. मी खोकी भरायची, ती टाकीवर. निकेलच्या हिरव्या पाण्यात तोटी सोडून वीज चालू केली की पितळेवर पांढरं चढतंय. पण आधी तोटी तेजाबात धुवायची. तेल राहिलं तर समदं पापुद्र्यागत निघतंय. तानूबाई हातमोजं घालायची न्हाय. ओल्या तोटीवर अंगठा फिरवायची. सरकला तर तेल हाय, अडखळला तर साफ. तिचा माल कधी माघारी आला न्हाय!

हळूहळू अंगठा बधिर झाला. गरम पेला धरून बसायची, चटका कळायचा न्हाय. "अडखळलेलं मनगटाला कळतंय की," म्हणायची.

२००६ साली मालकानं गाशा गुंडाळला. कागलच्या बाजूला नवा कारखाना निघालता, पवनचक्क्यांच्या तांब्याच्या पट्ट्यांवर कथील चढवायचा. तानूबाईला ती नोकरी पायजेच होती. नवरा गेलेला, पोरगी शिवानी बारावीला. साहेबानं तिच्याकडनं पाच पट्ट्या करून घेतल्या. "मावशी, सोमवारपासून या," म्हणाला.

मलाबी तिथं खोकी भराय घेतलं. सोमवारी फाटकावर हजेरीचं यंत्र. अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की आत. माझा एका झटक्यात लागला. तानूबाईनं सात येळा लावला, पदरानं पुसून लावला, मग दहाबी बोटं. लालच. तेजाबानं बोटांवरच्या रेघाच खाल्लेल्या. "यंत्र घेईना, मी काय करू?" सुपरवायझर म्हणाला. मेल्या, तिचं काम बघून बोलावलंत न्हवं? माझं रक्त खवळलं. पर माझा दिवा हिरवा लागलेला. खरं सांगते, भ्या वाटलं, तोंड उघडलं न्हाय.

तिला रडूबी आलं न्हाय. "जा गं धोंडे, उशीर हुईल," एवढंच म्हणाली.

तीन महिन्यांनी पट्ट्यांवरचं कथील सुटाय लागलं. टाकीवर समद्या नव्या पोरी, त्यात माझी सून सोनम. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं तिला चिडवायचो. साहेबानं तानूबाईला एका दिवसापुरतं बोलावलं. राखणदारानं पावण्यांची वही पुढं केली. सही येत न्हाय म्हणून तिनं शाईचा अंगठा दिला. निस्ता निळा डाग उठला. त्यानं बघितलंबी न्हाय, दार उघडलं.

ती पोरींना अंगठा फिरवाय शिकवाय लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, "अगं, मोजं तरी राहू दे की त्यांचं."

"मोज्यात कळत न्हाय," ती म्हणाली.

सोनमनं उजव्या हातातला मोजा काढला. साहेब शेजारीच हुबा होता. मी माघारी खोक्यांकडं वळले.