तिचं बोलणं मी वाकवलं

त्या शनिवारी सकाळी मी तिचे तळहात चोळले. करडीचं तेल, कोमट केलेलं. रोजचंच. दिवसभर ती दुसऱ्यांची अंगं चोळायची. तिचे हात कोण चोळणार? मी.

"अंगठा उपटता का काय?" ती म्हणाली. हसलो दोघं. ते शेवटचं.

मग दवाखान्यात गेलो. तालुक्याचा सरकारी दवाखाना. निजामाचं राज. मी झाडूवाला, माझी बायको मालिशवाली. हाडं बसवणं, लकव्याचं अंग चोळणं तिला आईकडनं आलेलं. आमी वेशीबाहेरची माणसं. लोक तिच्याकडनं हाड बसवून घ्यायचे, घरी जाऊन अंघोळ करायचे.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांना मराठी येत नव्हती. दर शनिवारी ती त्यांच्या टेबलापुढं उभी राहायची. कुणाचं अंग कसं हाय, ते सांगायची. मधे मी. तिचं त्यांना सांगायचं, त्यांचं तिला.

खरं सांगतो, तिचं मी कधीच पुरतं सांगितलं न्हाई. ती म्हणायची, "बाई रडायलीय. आधी तिचं ऐकून घ्या म्हणावं, मग अंग ढिलं पडतंय." मी म्हणायचो, "जी हुजूर, आप बोले वैसाच करती." साहेब खूश. दवाखान्यामागची पत्र्याची खोली शाबूत. नोकरी गेली की खोली गेली. गावात आमाला जागा कोण देणार होतं?

त्या दिवशी राणीसावरगावची एक सून खाटेवर होती. हात मोडलेला. साहेबांनी फळ्या लावून पट्टी आवळलेली. बोटं निळी, थंड. माझ्या बायकोनं न विचारता पट्टी सैल केली.

साहेबांनी पाहिलं. सगळ्या रोग्यांपुढं ओरडले, "जाहिल औरत! कान पकड!"

ती हलली न्हाई. मला म्हणाली, "सांगा त्यांला. बोटं मरायलीत. पट्टी आवळली तर हात जाईल. माझी चूक न्हाई."

मी हात जोडले. "गलती हो गई हुजूर. माफी मांगती."

मग तिला हळूच म्हणालो, "धर की कान. खोली जाईल."

तिनं धरले. तेलकट हातांनी. साहेबांनी पट्टी परत आवळली. सून कळवळली.

खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्सं तिथं उभी राहते. त्यांची बोली मला कळत न्हाई वाटलं? साहेबानं न्हाई, तुमी धरायला लावले कान."

मी तेल कोमट केलं. तिच्यापुढं बसलो. तिनं मुठी मिटून घेतल्या.

दिवस मावळायच्या आत तिला पटकी लागली. गावात साथ होतीच. उजाडायच्या आधी गेली. रविवारी माती दिली.

आता म्हातारा झालो. लोक म्हणतात, साहेब वाईट होता. होता. पण तिचं तोंड बंद करणारा मी होतो. त्या सुनेचा हात राहिला, दोन बोटं गेली. ती दोन बोटं माझ्या जिभेनं खाल्ली.

तिला माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दवाखान्यात गेलो. झाडू उचलला न्हाई. सून खाटेवर तशीच.

"तेरी औरत किधर है?" साहेब म्हणाले.

"मर गई साब." हुजूर म्हणालो न्हाई. मग तिचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. "उंगलियाँ मरतीं. पट्टी कसे तो हाथ जाता. मेरी गलती नहीं. ये बोली थी वो. झूठ मैं बोला."

"निकल जा!"

मी खाटेकडं गेलो. सुनेची सासू आडवी आली. "तू शिवू नको रे!"

"शिवतो. मग लागतील तितक्या अंघोळी घाला."

सुनेनं हात पुढं केला. मी गाठ सोडली. ती सोडायची तशी, हळू.

खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. यापुढं कुणापुढंबी कुणाचं बोलणं वाकवणार न्हाई, हे साहेबाला त्याच्या बोलीत सांगितलं, खाटेवरच्या माणसांना आपल्या. तिची तेलाची बाटली उचलली आणि चालू पडलो.