नावातला एस

कर्जतच्या थेटरातले ऑपरेटर कुठलाही सिनेमा लावण्याआधी त्याच्या फाइलचं लांबलचक नाव मोठ्यानं वाचतात. मॉनिटरवर बोट टेकवून, एकेक अक्षर. मधे कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. माझे छोटे सिनेमे मी त्यांच्याकडेच तपासायला नेतो.

गेल्या रविवारी बोट मधेच थांबलं.

"हितं एस लिवलंय. म्हंजी रुंद चित्र. तसंच हाय ना?"

"हो," मी न बघताच म्हणालो.

त्यांनी नावाप्रमाणे सेटिंग लावली. पडद्यावर माझी नायिका आली, पण तिचं कपाळ वर कापलेलं आणि हनुवटी खाली. चित्र रुंद नव्हतंच. साध्या, कमी रुंद चित्राचा एफ लिहायच्या जागी मी एस लिहिला होता.

"मग नाव सोडा, चित्र बघून लावा ना," मी चिडून म्हणालो.

ते रागावले नाहीत. त्यांनी सेटिंग बदलली, नायिकेला कपाळ परत मिळालं. मग खिशातून स्केचपेन काढून त्यांनी माझ्या डिस्कच्या डबीवर मोठा एफ काढला.

"मी आदी लावून बगतो म्हनून कळलं, दादा. दुसरीकडं नावच बगत्यात." पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "ही फाइल आजून कुटं दिलीय का?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. दुसरी डिस्क सकाळीच मी मोहोपाड्याला पोचवली होती. तिथला शो तीनचा होता.