थकलेला पाटा

फुलचूरच्या त्या म्हाताऱ्या लोहाराचं नाव मी कधी विचारलं नाही. केशोरीच्या बसचं चाकांवरचं ओझं पेलणारे कमानपाटे तोच तपासायचा. हातोडीनं एकेक पाटा ठोकायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "जागा हाये," म्हणजे पाटा अजून जागता, धड; नाहीतर, "थकला."

पोलाद थकतं हे ऐकून मला, शाळामास्तराला, हसू यायचं.

एकदा बहिणीला बाळंतपणाला माहेरी नेत होतो. बस सुटणार तेवढ्यात हा खालून म्हणाला, "थकला. गाडी जात नाही."

मी चिडून उतरलो. पाटा तर धड दिसत होता. "काऊन अडवून राहिले, बाबा?"

"थकला बईल गाडीले जुंपता का तुमी, गुरुजी?"

त्यानं पाटा सोडवला, ऐरणीवर ठेवला आणि एकच घाव घातला. दोन तुकडे झाले. तुटल्या जागी बोटभर पोलाद चकचकीत होतं, बाकी सगळं जुनं, काळं पडलेलं. तडा कितीतरी दिवस आतल्या आत सरकत आला होता.

बहिणीनं खिडकीतून विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि तेवढं म्हणता आलं याचंच बरं वाटलं.

नवा पाटा चढवून त्यानं हातोडी मारली. या खेपेला डोळे मी मिटले.

"जागा हाये," मी म्हणालो.

"मंग बसा," तो म्हणाला.